शंभर हातांना एक हात

नाशकात एखाद्या माणसाची किंमत काढायची असली, की त्याने आजवर काय उजेड पाडला असं विचारतात. हनीफभाई आरसेवाल्यांना हा प्रश्न जन्मभर विचारला गेला. वडिलांनी विचारला, सासऱ्यांनी विचारला, गल्लीतल्या रिकामटेकड्यांनी तर रोजच विचारला. हनीफभाई चिडत नसत. हातातला आरसा उन्हाकडे वळवून ते विचारणाऱ्याच्या तोंडावर कवडसा टाकत आणि म्हणत, हा घ्या. विचारणारा डोळे मिटून हसायचा आणि विषय तिथेच संपायचा. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना होतं त्यांना बोलायची सवय नव्हती.

त्यांचं घर भद्रकालीच्या मागे, भांडी ठोकल्याचा आवाज दिवसभर ऐकू येईल अशा गल्लीत होतं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे ते आणि त्यांची बायको माजिदा. मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत गुळगुळीत घासलेली एक काळी शिळा होती. तिच्यावर कथलाचा कागदासारखा पातळ पत्रा अंथरायचा, त्यावर पारा ओतून तो सशाच्या पायाने पसरायचा आणि मग वरून काच सरकवत आणायची. काच सरकवताना हात जराही थांबला किंवा कापला, की आत हवा राहिली आणि आरशाला डोळा पडला. असा डोळा पडलेला आरसा हनीफभाई कुणाला देत नसत. काच बसली की तिच्यावर वजनं ठेवून पंधरा दिवस तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मुंबईहून चांदीच्या कलईचे स्वस्त आरसे येऊ लागले होते, पण न्हाव्यांना आणि लग्नघरांना अजून हनीफभाईंचाच आरसा लागे. त्यांच्या लोकांत लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी एकमेकांचं तोंड पहिल्यांदा आरशातच बघतात. निम्म्या नाशकातल्या जोडप्यांनी एकमेकांना पहिल्यांदा माझ्या आरशात पाहिलं, असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

पण पारा फुकट चाकरी करत नाही. लोकांचा पारा डोक्यात चढतो, हनीफभाईंचा हातांत उतरला. चाळिशी गाठेपर्यंत त्यांची बोटं कापायला लागली होती. हातात कपबशी घेतली की बशी खडखडायची, म्हणून त्यांनी लोकांत चहा घेणंच सोडलं. वैद्याने मना केलाय असं सांगायचे. लोक म्हणायचे, चिक्कू आहे, आपल्याला परत पाजावा लागेल म्हणून घेत नाही. हनीफभाईंनी चिक्कूपणाचा ठपका खुशाल सोसला. हात कापणाऱ्या कारागिराकडे कोण काच देणार, ही भीती त्यांच्या उरावर रात्रंदिवस बसलेली असे. माजिदाला सगळं कळत होतं. ती घरात कप अर्धाच भरायची आणि त्याबद्दल दोघं एक अक्षर बोलत नसत.

आरसे करता करता त्यांना उन्हाची नस सापडली होती. शेजारच्या बायांची घागर विहिरीत पडली, कुणाचं कडं पडलं, की हनीफभाईंना हाक जायची. ते काठावर आरसा टेकवत, ऊन खाली सोडत, आणि गळ टाकणाऱ्याला तळ दिसे. त्यातून त्यांनी काही नियम बसवले होते. आरसा चौकोनी असो की तिकोनी, लांब गेलेला कवडसा गोलच पडतो. दुसरं म्हणजे, शंभर हात अंतराला कवडसा एक हात फुगतो. दोनशेला दोन, हजाराला दहा. जितका फुगेल तितका फिका. आणि तिसरं, ऊन एका जागी बसत नाही. विडा लावून तोंडात घालेपर्यंत कवडसा आपल्या अंगाएवढा बाजूला सरकलेला असतो, तेव्हा धरणाऱ्याने आरसा तीळ तीळ कलवत राहायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तसं रोजच्या कवडशाला पुस्तक कशाला.

तरी पुस्तकातली एक गोष्ट त्यांच्यापर्यंत आलीच. भिमाजी न्हाव्याचं दुकान म्हणजे त्या भागातलं वाचनालय होतं. समोरासमोर टांगलेले दोन्ही आरसे हनीफभाईंच्या हातचे, आणि भिमाजीची वाचायची हौस अशी की गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं बसवून ठेवून तो मासिकाचं पान संपवायचा. सन तीसच्या दिवाळीनंतर एका दुपारी त्याने एक मजकूर मोठ्याने वाचला. जर्मन देशातल्या कुणा विद्वानाने म्हणे असं मांडलं होतं, की आभाळात शेकडो मैल उंचीवर मैलोगणती रुंदीचा आरसा नेऊन सोडायचा. तो चंद्रासारखा पृथ्वीभोवती फिरत राहील आणि जिथे काळोख असेल तिथे सूर्याचं ऊन परतवून टाकील. उत्तरेकडच्या ज्या मुलखात सहा सहा महिने रात्र असते तिथलं बर्फ वितळेल, गावं उजळतील, पिकं येतील.

दुकानात हशा पिकला. एकाने चोरांच्या पोटापाण्याची काळजी केली. दुसरा हनीफभाईंना म्हणाला, मग तुमचा रोजा सुटायचा कधी, सूर्य तर मावळणारच नाही. हनीफभाई हसले नाहीत. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. आरसा किती उंच, असं त्यांनी भिमाजीला पुन्हा विचारलं. समजा सहाशे मैल, तर कवडसा सहा मैलांनी फुगणार, म्हणजे आरसाही तसाच थोर हवा, नाहीतर नुसतं चांदणं पडेल. म्हणजे लिहिणारा वेडा नव्हता, त्याला कवडसा ठाऊक होता. मग जाता जाता ते दारात थांबले.

"भिमाजी, आरसा करणारा मिळेल. पण तो धरणारा कोण? तिथून केसभर हात हलला, तर नाशकावर टाकलेला उजेड नगरावर जाऊन पडेल."

त्या मजकुरातलं एक वाक्य हनीफभाईंनी भिमाजीकडून तीनदा वाचून घेतलं होतं. खाली पृथ्वीवर काळोख पडला तरी उंचावर ऊन शिल्लक असतं, असं ते वाक्य होतं. घरी जाऊन त्यांनी ते माजिदालाही ऐकवलं. ती म्हणाली, त्यात नवल काय, दर्ग्याच्या कळसावर ऊन उशिरापर्यंत असतंच की.

पुढच्या वर्षी, म्हणजे एकतीस साली, माघ आणि रमजान जवळजवळ बरोबरच लागले. चंद्र दोघांचा एकच, त्यामुळे महिने असे जोडीने येतात. रोजे चालू असतानाच हनीफभाईंना वणीला जावं लागलं. तिथल्या एका मिठाईवाल्याने दुकानासाठी दोन हात लांब आणि दीड हात रुंद असा आरसा सांगितला होता. तो गवतात बांधून, बरोबर काही लहान आरसे घेऊन, सगळं घोडीच्या पाठीवर लादून ते पायी निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, वणीच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी लागली. घोडीला पाणी पाजावं म्हणून ते देवराम नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्याकडे वळले, तर नव्या विहिरीभोवती माणसं जमलेली.

विहीर तीस हात खोल गेली होती. खोदणारा पुंजा पेठच्या डोंगरातला, दर वर्षी कामाला खाली येणारा. सकाळी सुरुंग उडवून झाल्यावर दगड काढायला तो पहिला उतरला आणि बाजूची एक शिळा सुटून खाली आली. डावा पाय गुडघ्याखाली तिच्यात अडकला. शिळेचं दुसरं टोक भिंतीत कसंबसं टेकलेलं, चुकीच्या ठिकाणी घाव बसला तर ती सरळ त्याच्या छातीवर येणार. आणि खाली तर डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. कंदील सोडला की वीस-बावीस हातांवर ज्योत पिवळी पडायची आणि विझायची, कारण सुरुंगाचा धूर कोंडून खालची हवा मेली होती. तीनदा सोडला, तीनदा विझला. जिथे दिवा जगत नाही तिथे माणूसही फार वेळ जगत नाही, हे विहिरी खोदणाऱ्यांना कुणी सांगावं लागत नाही. तरी पुंजाचा साथीदार मंगळू दोनदा दोर धरून उतरला होता. पण दगड कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो, तेच त्याला समजत नव्हतं. पुंजाची बायको फुलाबाई लिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत खालीवर करत होती, म्हणजे हवा ढवळली जाईल. ती रडत नव्हती. तिचा हात सारखा चालू होता.

गवत सोडून हनीफभाईंनी आरसा काढला, विहिरीच्या काठावर उन्हात टेकवला आणि सूर्य खाली सोडला. तळाशी दगडाच्या पिठाने पांढरा झालेला एक चेहरा दिसला. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"दिसाया लागलं," पुंजा खालून म्हणाला. वर उभ्या असलेल्या माणसांनी श्वास सोडला.

मंगळू पुन्हा उतरला, पहार आणि छिन्नी घेऊन. पण थोड्याच वेळात खालून त्याची हाक आली.

"चाचा, उजेड नाचतोय. घाव चुकंल."

हनीफभाईंना लाज वाटली. सगळ्यांच्या नजरा आरशावरून त्यांच्या बोटांवर आल्या. त्यांनी विहिरीतून निघालेली माती ओली करून तिचा ढीग केला, आरसा त्यात रोवला आणि फक्त करंगळीच्या टोकाने कलवत राहिले. उजेड स्थिर झाला. मंगळू आणि देवरामचा भाऊ आळीपाळीने खाली जात, दम कोंडला की वर येत. छिन्नीचे घाव एकामागून एक ऐकू येऊ लागले. दुपारची नमाज हनीफभाईंनी बसल्या जागी, आरशावरचं बोट न काढता उरकली.

ऊन उतरणीला लागलं. पश्चिमेचा डोंगर वाडीला अगदी खेटून होता. सूर्य मावळायला चांगला दीड तास असतानाच त्या डोंगराची सावली हरभऱ्याच्या वाफ्यांवरून सरकत आली आणि विहिरीवर चढली. आरसा एकदम मेला. खाली छिन्नी थांबली. मंगळू वर येऊन म्हणाला की अजून तासाभराचं काम आहे. देवरामने डोंगराकडे बघितलं आणि म्हणाला, आता उद्या सकाळी. उद्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. पुंजाचं रक्त जात होतं आणि त्याचा आवाज दर हाकेला बारीक होत होता. फुलाबाईचे फांद्या ओढणारे हात तेवढे थांबले नाहीत.

हनीफभाई उठून पाठमोरे झाले. पूर्वेला, ओढ्यापलीकडे, हजारेक हातांवर एक टेकडी होती. तिच्या माथ्यावर एकटा पळस फुलला होता आणि त्याच्यावर पिवळंधमक ऊन होतं. खाली काळोख पडला तरी उंचावर ऊन शिल्लक असतं. जर्मन विद्वानाचं वाक्य समोर लाल फुलांनी लगडलेलं उभं होतं.

त्यांनी एक लहान आरसा घेऊन विहिरीच्या काठावर ओल्या मातीत रोवला, पूर्वेकडे तोंड करून. मग खाली ओरडून पुंजालाच सांगितलं की वर आरशात बघत राहा, आणि टेकडीवरचा पळस दिसला की बोल. ते तीळ तीळ आरसा कलवू लागले. एकदा नुसतं आभाळ, एकदा देवरामचं मुंडासं, एकदा डोंगराची धार.

"झाड आलं," पुंजा म्हणाला. "लाल हाय."

हनीफभाईंनी आरशाला आणखी माती चेपली आणि सांगितलं की याला आता कुणी हात लावायचा नाही. जिथून पळस तुला दिसतो, तिथून आलेलं ऊनही तुझ्यापर्यंत येणार. फिरणाऱ्या सूर्याशी खेळायचं ते वरच्या आरशाने, खालच्याने नाही. देवरामला त्यांनी विहिरीजवळ उभं केलं. उजेड नेमका त्या लहान आरशावर पडला की त्याने मुंडासं सोडून हलवायचं, एवढी एकच खूण ठरली. मोठा आरसा घेऊन ते टेकडीकडे निघाले, तर फुलाबाईने फांद्यांचा दोर दुसऱ्या बाईच्या हातात दिला, आरसा त्यांच्याकडून ओढून घेतला आणि डोक्यावर ठेवून पुढे चालू लागली. हनीफभाई सकाळपासून निर्जळी. चढताना त्यांना दोनदा बसावं लागलं.

पळसाखाली त्यांनी आरसा धरला. कवडसा टेकडीच्या उतारावर पडला, आणि मग वासरू दावं तोडून पळावं तसा पळाला. ओढ्यावर गेला, गोठ्याच्या छपरावर गेला, हरभऱ्यावरून झपकन वळून माघारी आला. हजार हातांवर कवडसा दहा हातांचा होतो, पण कापणारी बोटं त्याला पन्नास पन्नास हात फेकत होती. त्यांनी आरसा दगडावर टेकवला, छातीला आवळला, दात खाल्ले. विहिरीवरचं मुंडासं काही हललं नाही. पश्चिमेला सूर्य डोंगराच्या धारेकडे उतरत होता. दुकानाच्या दारात आपणच टाकलेला प्रश्न हनीफभाईंच्या समोर येऊन बसला होता.

आणि मग जे वाक्य त्यांनी माजिदासमोरसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं, ते ओळख ना पाळख अशा बाईला त्यांनी सांगितलं.

"पोरी, माझे हात गेलेत. पाऱ्याने खाल्ले. हा तुलाच धरावा लागेल."

फुलाबाईने त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि आरसा घेतला.

"मी पहार धरते, बाबा," ती म्हणाली. "माझा हात हालत नाय."

ही फुशारकी नव्हती. सुरुंगाचं भोक पाडताना एकाने पहार उभी धरायची असते आणि दुसऱ्याने तिच्या डोक्यावर घण घालायचा असतो. घण घालणाऱ्याचं नाव होतं. पण धरणारीचा हात जरा हलला, तर घण तिच्या मनगटावर येतो. फुलाबाई लग्न झाल्यापासून पुंजासाठी पहार धरत होती. तिची दोन्ही मनगटं धड होती, यातच सगळं आलं.

ती पळसाच्या खोडाला पाठ लावून बसली आणि आरसा गुडघ्यांवर उभा केला. हनीफभाईंनी सांगितलं, उजेड आधी स्वतःच्या पायाशी आण, मग त्याला हळूहळू उतारावरून खाली ने, वाटेत कुठे सोडू नको. कवडसा उतरला. ओढा ओलांडला. हरभऱ्याच्या वाफ्यांतून एकेक वाफा पार करत गेला आणि विहिरीपाशी थांबला. देवरामने मुंडासं सोडून गरागरा फिरवलं. थोड्या वेळाने, वाऱ्याचा झोत इकडे वळला तेव्हा, छिन्नीचा बारीक आवाज टेकडीपर्यंत आला.

त्यानंतर फुलाबाई हलली नाही. हनीफभाई मागे बसून सांगत, तीळभर वर, आता तीळभर डावीकडे, पण थोड्या वेळाने सांगायची गरज उरली नाही. तिला नवरा दिसत नव्हता, दगड दिसत नव्हता. दिसत होता फक्त तो गोल, आणि त्याला जागेवर ठेवणं एवढंच तिच्या हातात होतं.

खाली वाडीत घरांतले दिवे लागू लागले. टेकडीवर अजून सूर्य होता. माणूस जिथे आहे तिथला सूर्य मावळल्याशिवाय रोजा सुटत नाही, आणि हनीफभाई उंचावर होते. त्यांची जीभ टाळूला चिकटली होती, ओठ फुटले होते. साऱ्या मुलखात त्या घटकेला प्रत्येक रोजेदार सूर्य कधी बुडतो याची वाट बघत होता. हनीफभाईंनी दोन्ही हात उचलून दुवा मागितली, की परवरदिगार, आज जरा उशिरा. असं मागणं बरोबर की चूक, हे त्यांना कळत नव्हतं. कापणारे हात वर गेले होते आणि ते खाली घ्यावेसे वाटत नव्हते.

फुलाबाईने मान न वळवता, कमरेच्या भोपळ्यात पाणी आहे ते घ्या असं म्हटलं.

"सूर्य आहे अजून," हनीफभाई म्हणाले. "आणि असू दे."

ऊन केशरी झालं, मग लाल. कवडसाही लाल आणि फिका झाला. सूर्याची शेवटची कड डोंगरामागे गेली आणि विहिरीचं तोंड बाकीच्या शेतासारखंच काळं झालं. फुलाबाईने आरसा खाली ठेवला नाही. पुरे म्हणायची खूण ठरलीच नव्हती. उजेड गेलेला आरसा ती तशीच विहिरीकडे धरून बसली होती. तेवढ्यात खाली, विहिरीच्या काठावर, मोकळ्या हवेत कुणीतरी कंदील पेटवला. तो कंदील वर उचलला गेला आणि जोराजोराने हलू लागला. आनंदाशिवाय कंदील असा कुणी हलवत नाही. तेव्हा कुठे तिचे हात सुटले. आरसा गवतावर आला आणि ती तोंडात पदर कोंबून रडली. हनीफभाईंनी भोपळ्यातलं पाणी आणि तिच्या ओटीतली नागलीची अर्धी भाकर यांवर रोजा सोडला.

पुंजा जगला. पाय मात्र नाशकाच्या दवाखान्यात गुडघ्यावरून काढावा लागला. डोंगरात परत जाऊन करणार काय, म्हणून दोघं नाशकाबाहेर एका मळ्यात राखणीला राहिली. तो मोठा आरसा हनीफभाईंनी मिठाईवाल्याला दिलाच नाही. त्याला डोळा पडला असं खोटंच कळवलं, आणि फुलाबाईच्या झोपडीत नेऊन टांगला. दर रमजानच्या पहिल्या दिवशी नागलीचं पीठ घेऊन ती माजिदाकडे येऊ लागली. हनीफभाईंनी ही गोष्ट आपणहून कुणाला सांगितली नाही. भिमाजीला पुंजाकडून कळली तेवढीच. फरक एकच पडला. एके दिवशी दुकानात चहा आला तेव्हा त्यांनी हात पुढे करून कपबशी घेतली. बशी खडखडली, चहा धोतरावर सांडला, आणि त्यांनी उरलेला निवांत पिऊन टाकला. पुढच्या वेळेपासून भिमाजी त्यांचा कप अर्धाच भरू लागला. घरी काच सरकवायचं काम माजिदाने हाती घेतलं, आणि आरशांना डोळा पडेनासा झाला.

पाऱ्याने आधी त्यांचे दात नेले, मग झोप नेली, आणि अडतीस साली, थंडी पडू लागली तेव्हा माणूस नेला. भिमाजीने मळ्यावर निरोप धाडला. दफन दुपारच्या उतरत्या नमाजेनंतर होतं. कब्रस्तानात जुन्या चिंचा दाटीने उभ्या होत्या आणि खाली त्या वेळेलाच अंधारून आलं होतं. मय्यत कबरीत उतरवली गेली. वरून फरशा ठेवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

गर्दीतून कुबडीवर वाट काढत पुंजा पुढे आला. कबरीच्या काठाशी तो कष्टाने खाली बसला, कनवटीचा एक लहान आरसा काढला आणि उकरलेल्या ओल्या मातीत रोवला, पूर्वेकडे तोंड करून. मग डोकं कबरीत झुकवून खालून वर, आरशात पाहिलं. दोनदा कलवला, पुन्हा पाहिलं. लोक कुजबुजू लागले, तेव्हा भिमाजीने मौलवीसाहेबांना जरा थांबा म्हटलं. पुंजाने डोक्यावरचं मुंडासं सोडलं आणि भिंतीपलीकडे बघून उंच हलवलं.

भिंतीपलीकडे, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या उंचवट्यावर, जिथे अजून ऊन होतं, तिथे फुलाबाई बसली होती. बायका आत येत नाहीत हे तिला ठाऊक होतं. गुडघ्यांवर मोठा आरसा उभा होता. कवडसा उंचवट्यावरून खाली आला, भिंतीवर चढला, चिंचांच्या बुंध्यांमधून सरकत आला आणि मातीतल्या आरशावर थांबला. हनीफभाईंच्या कबरीत उजेड पडला. पांढऱ्या कफनाचा काठन् काठ दिसू लागला. मेलेल्याच्या कबरीत उजेड दे अशी दुवा तिथल्या प्रत्येकाने अनेकदा मागितली होती, पण तो असा पडलेला कुणी पाहिला नव्हता. मौलवीसाहेब म्हातारे होते. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि उजेडाच्या वाटेत उभ्या असलेल्या दोघांना हाताने बाजूला व्हायची खूण केली.

मग फरशा बसल्या, माती पडली, पुंजाने आपला आरसा काढून घेतला आणि आपल्या हातची ओंजळभर माती टाकली. लोक पांगले. भिमाजी मात्र थांबला होता, कारण ताज्या मातीवर तो गोल अजून होता. तो जरा सरकायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. एवढ्या लांबून फुलाबाईला त्या गोलाखेरीज आतलं काहीच कळत नव्हतं, आणि पुंजा मातीकडे बघत बसला होता. सूर्य बुडेपर्यंत ती आरसा तशीच धरून होती. पुरे म्हणायची खूण त्यांनी त्या दिवशीही ठरवली नव्हती.